कऱ्हेकाठी शिणाणे

माघी यात्रा उरकते, चिंचवडची पालखी मोरगावहून परत फिरते, आणि मी मालवणला भावाला फोन लावते. चतुर्थी आणि मंगळवार टाळून दिवस ठरतो. संध्याकाळी भाऊ शिणाण्यांचं गोणपाट रात्रीच्या पुण्याच्या गाडीत चढवतो, आमचे हे पहाटे ते उतरवून घेतात आणि जेजुरीवरून उन्हं चढायच्या आत घरी येतात. आठ माणसांच्या घराला चार किलो. कवचं काढली की किलोमागे पाव किलोच्या आसपासच मांस हाती लागतं.

शिणाणे म्हणजे हिरवट काळ्या कवचाचे लांबोडके शिंपले. तिसऱ्या वाळूत रुततात, कालवं खडकाला कायमची जडतात. शिणाणा मात्र अंगातून चिवट धागे काढून खडकाला धरून राहतो. तिथेच बसून भरती-ओहोटीचं पाणी गाळत राहायचं आणि त्यातलं शेवाळ खायचं, हा त्याचा दिनक्रम.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझी सगळी गोणी वाया गेली. धाकट्या दिरांनी मायेने ते शिंपले रात्रभर बादलीत भिजत घातले होते. कऱ्हेच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्यातला जीव पाण्यातच जगणार असं वाटलं, यात त्यांचं काय चुकलं? पण नदीत सापडतात ते शिंपले वेगळ्या कुळातले. समुद्रातल्याला गोडं पाणी मारतं. सकाळी निम्म्यांची तोंडं उघडी होती आणि वास सुटला होता. शिणाणे ओल्या गोणपाटात, थंड जागी, वारा लागेल असे ठेवायचे. तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते गुदमरतात. कवच घट्ट मिटून, आतलं पाणी धरून थंडीच्या दिवसांत ते एवढा प्रवास सोसतात.

म्हणून स्वयंपाकाची सुरुवात जिवंत-मेलेले निवडण्यापासून होते. उघडा दिसला तर टिचकी मारायची. हळूहळू मिटला तर ठेवायचा, नाही मिटला तर टाकायचा. फुटक्या कवचाचाही टाकायचा. यात काटकसर करू नये.

पाणी गाळून जगणाऱ्याच्या पोटात पाण्यातलं वाईटही साठतं, हे लक्षात ठेवावं. गटाराच्या तोंडाशी काढलेला माल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. काही सूक्ष्म शेवाळांचं विष तर शिजवूनही जात नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात विळिंजमला असे शिंपले खाऊन माणसं दगावली होती. समुद्राचा रंग बदललेला असला, की जाणते लोक शिंपल्यांना हात लावत नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे ते खात नाहीत. घरात कोणाला कोळंबी-खेकडा सोसत नसेल, तर त्याला यापासून दूरच ठेवावं.

हे पीक शेतीसारखं घेता येतं, हे इथल्या लोकांना सांगितलं की ऊस मोजणारी माणसं कान देतात. सत्तरच्या दशकात गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. कासिम, डॉ. पारुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तराफ्याला दोर टांगून त्यावर शिणाणे वाढवले. नंतर उत्तर केरळात बायकांच्या गटांनी खाडीत हीच शेती उभी केली आणि गेल्या दशकात आमच्या सिंधुदुर्गातल्या बचतगटांनीही दोर टांगले. शिणाण्यांना खत लागत नाही, खाद्य लागत नाही, फक्त स्वच्छ खारं पाणी लागतं. दुष्काळी गावात हे सांगताना मला फार बरं वाटतं.

निवडून झालं की कवचं वाहत्या पाण्याखाली घासायची. फटीतून आलेला धाग्यांचा झुबका बोटांत धरून ओढून काढायचा, जोर लागतो. मग जाड बुडाच्या टोपात, थेंबभरही पाणी न घालता, झाकण ठेवून मोठ्या आचेवर. पाच-सात मिनिटांत कवचं उघडतात. न उघडलेले टाकायचे. आत नारिंगी मांस दिसलं तर मादी, पांढुरकं दिसलं तर नर. नातवंडांना हा खेळ फार आवडतो. तळाशी सुटलेलं पाणी कापडातून गाळून ठेवायचं.

वाटप माहेरचं: ओलं खोबरं, कांदा, धने, लसूण, ब्याडगी मिरची. फोडणीत चमचाभर सासूबाईंचा काळा मसाला मात्र मी घालते, आणि तो शोभतो. वाटप परतून झालं की चार-पाच कोकमं, थोडं गाळलेलं पाणी, आणि शेवटी मांस. दोन-तीन उकळ्या पुरेत. जास्त शिजवलं की रबर होतं. काही मोठे शिणाणे मीठ न लावता, मसाला आणि रवा लावून तव्यावर तळते. सोबत बाजरीची भाकरी.

पहिल्यांदा पंगतीला रस्सा वाढला तेव्हा सासूबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, “मीठ जरा चढलंय गं.”

“आत्या, मी मीठ घातलंच नाही. समुद्राचंच ते.”

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि परत उचलली. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, भाकरी कुस्करून घेतली. उरलेलं पाणी मी फ्रीजमध्ये ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आत्यांनी ते खळखळून उकळलं, साधं पाणी घालून खारटपणा मोडला आणि त्यात हुलग्याचं पीठ पेरलं. मालवणात आम्ही त्याला कुळथाची पिठी म्हणतो. तसली पिठी माझ्या आईनेही कधी केली नव्हती.