चुंबकसूचीच्या नोंदवहीचे वारसदार

मुंबईच्या कुलाब्याहून अलिबागला एक वेधशाळा हलली, ती ट्रामगाडीचे घोडे सोडायचे ठरले म्हणून. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबई शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याची तजवीज सुरू झाली, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या ध्यानात आले की, जेथे १८४१ पासून चुंबकसूचीची हालचाल टिपली जात आहे ती जागा, रुळांवाटे जमिनीत झिरपणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे, आता या कामाला कायमची मुकणार. आणि शहराशी तंटा न मांडता त्यांनी सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेस, समुद्राकाठी, अलिबागची जागा मुक्रर केली. अलिबागचा जिल्हाही त्या काळी कुलाबाच म्हणवीत असल्यामुळे हे स्थलांतर एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात झाले, ही गंमत कोणाच्या लक्षात आली होती की नाही कोण जाणे. १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन, इथल्या आकड्याचा तिथल्या आकड्याशी मेळ पक्का बसल्यावरच, १९०६ साली मुंबईतील नोंदी थांबविण्यात आल्या. ज्यांच्यापायी एवढा खटाटोप करावा लागला त्या ट्रामगाड्या १९६४ साली मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. अलिबागची नोंदवही मात्र अजून चालू आहे.

अवकाश भौतिकीत संशोधन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर साहजिकच श्रीहरिकोट्याचा धूर आणि अग्निबाणाचा लोळ असतो, आणि त्याला जर कोणी सांगितले की या शास्त्राची एक जुनी देवडी रायगड जिल्ह्यातील एका बैठ्या दगडी इमारतीत आहे, तर तो थोडा हिरमुसला होण्याचा संभव आहे. परंतु सूर्यापासून सुटलेला प्रभारित कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर येऊन आदळला म्हणजे त्या आवरणात आणि त्याखालच्या आयनांबरात जे प्रचंड विद्युत्प्रवाह उसळतात, त्यांची चाहूल जमिनीवर बसून घेण्याचे साधन चुंबकमापक हेच होय. उपग्रहांच्या पूर्वी शंभर वर्षे ते एकटेच होते. कुलाबा आणि अलिबाग येथील हे काम पूर्वी हवामान खात्याकडे असे. १९७१ साली त्यातून भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था उभी राहिली, आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या छत्राखाली तिचे मुख्य ठाणे आज नवीन पनवेल येथे आहे.

अलिबागची वास्तू पाहण्याजोगी आहे. कोकणात घर बांधावयाचे तर काळा पाषाण पावलोपावली मिळतो; परंतु दख्खनच्या या पाषाणात लोहयुक्त खनिजे असल्यामुळे तो स्वतःच थोडासा चुंबक असतो, आणि ज्या घरात पृथ्वीचे चुंबकत्व मोजावयाचे त्याची भिंतच जर चुंबक निघाली तर मोजणार काय? म्हणून पोरबंदरचा दगड तपासून आणविला गेला आणि बांधकामातून लोखंडाला हद्दपार करण्यात आले. अखंड नोंद करणारी उपकरणे ज्या दालनात ठेवावयाची त्याची रचना अशी केली की, बाहेर वैशाख असो वा श्रावण, आतल्या तापमानाला त्याचा फारसा पत्ता लागू नये. कारण उष्णतेने उपकरण किंचित बहकले, तरी तो बहक सूर्याचा प्रताप समजण्याची चूक होऊ शकते.

तेथील निरपेक्ष वेधाचा विधी नवागत विद्यार्थ्याने एकदा तरी जवळून पाहावा. निरीक्षक खोलीत शिरण्यापूर्वी मनगटावरील घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, कमरेच्या पट्ट्याचे बक्कल आणि अर्थातच मोबाइल बाहेर ठेवतो. आत खांबावर पोलादविरहित थिओडोलाइट असतो. त्याच्या दुर्बिणीच्या पाठीवर एक लहानसा संवेदक बसविलेला असतो. दूरच्या एका स्थिर खुणेवर नजर बांधून तिचा कोन प्रथम लिहून घेतला जातो. मग दुर्बीण हळूहळू फिरवीत संवेदकाचा आकडा शून्यावर आणला जातो, म्हणजे त्या क्षणी संवेदक पृथ्वीच्या चुंबकीय दिशेशी बरोबर काटकोनात असतो. हीच क्रिया दुर्बीण उलटी करून, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून, अशी चार वेळा होते, आणि चारींची सरासरी काढली म्हणजे उपकरणाच्या जडणघडणीतील वाकडेपणा आपोआप एकमेकांत कटून जातो. या सगळ्या सोपस्कारातून जे हाती येते ते कोनाचे काही अंश, कला आणि विकला. शेजारच्या दालनातले स्वयंचलित यंत्र दिवसरात्र लिहीत असते खरे, पण त्याचे लिहिणे कोठून सरकले हे या हाताने घेतलेल्या वेधाशिवाय कळत नाही. यंत्राने माणसाची जागा घेतली असे ज्यांना सर्वत्र दिसते, त्यांनी हा एक अपवाद लक्षात ठेवावा.

अशा नोंदींचे मोल कधी आणि कसे उगवते याचा दाखला १८५९ सालचा आहे. त्या वर्षी १ सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्याला डागांच्या समूहावर लखलखाट दिसला, आणि साडेसतरा तासांच्या आसपास लोटतात तोच पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ उठले की तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या निरीक्षकांनी वादळाच्या वेळी नेहमीच्या तासाच्या अंतराऐवजी थोड्या थोड्या मिनिटांनी डोळ्यांनी वाचन घेऊन ते वहीत उतरविले. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक, जो येथे साधारण अडतीस हजार नॅनोटेस्लाच्या घरात असतो आणि शांत दिवशी काही दहांनीच खालीवर होतो, तो त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. हे आकडे जवळजवळ दीड शतक दप्तरात पडून राहिले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष सिंग लखिना आणि शोभना अलेक्स यांनी ते पुढे आणून त्या वादळाची तीव्रता ठरविण्याचा प्रयत्न केला, आणि कुलाब्याच्या त्या अनाम कारकुनांचे वाचन जगभरच्या चर्चेचा विषय झाले. एवढी मोठी घसरण पृथ्वीभोवतीच्या वलयाकार प्रवाहामुळे झाली, की आयनांबरातील प्रवाहांचाही तीत वाटा होता, हा वाद आजही मिटलेला नाही. प्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला मी तरी हीच वही उघडून दाखवीन.

हे केवळ इतिहासाचे कुतूहल नव्हे. १९८९ च्या मार्चमध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालविली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका सौम्यशा वादळाने वातावरणाचे वरचे थर फुगवून नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ खाली ओढले. मे २०२४ मधील वादळात लडाखमधील हानले येथून आकाशाला आलेली तांबूस झळाळी टिपता आली. भारताच्या वाट्याला या शास्त्रात एक नैसर्गिक वतनही आले आहे: चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जाते. त्याच्या लगतच्या अरुंद पट्ट्यात, जमिनीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर, दिवसा एक तीव्र विद्युत्प्रवाह वाहतो; १९६३ साली अग्निबाणांसाठी थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले गेले ते याच कारणास्तव, आणि भूचुंबकत्व संस्थेचे तिरुनेल्वेलीचे केंद्रही याच पट्ट्याचा माग काढीत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात त्याच संस्थेचे एक रडार ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचे वारे मोजते, हे खुद्द कोल्हापुरातही फार थोड्यांना ठाऊक असावे.

आता प्रवेशाची रीत. एम.एस्सी. भौतिकशास्त्र अथवा भूभौतिकी झाल्यावर नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा पार करावी लागते. नेटची कनिष्ठ फेलोशिप हाती आली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, असा २०२३ पासूनचा दर आहे. पनवेलच्या विद्यार्थ्याला पीएच.डी.ची नोंदणी मुंबई विद्यापीठात करता येते. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा, बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका, ही दारे वेगळी असली तरी वाट एकाच गावाची, शिवाय एम.एस्सी. चालू असतानाच उन्हाळ्यातील दोन महिने प्रयोगशाळेत काढण्याची सोय विज्ञान अकादमीच्या फेलोशिपमुळे होते. माझ्या मते प्रवेशपरीक्षेच्या गुणांहून ते दोन महिने अधिक निर्णायक ठरतात, कारण या कामाचा स्वभाव आपल्याला मानवतो की नाही ते तेव्हाच कळते.

कारण हा स्वभाव उतावळ्या माणसाचा नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी उडालेले आणि पुढच्या जानेवारीत पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावलेले आदित्य-एल१ सौरवाऱ्यातील कण मोजून पाठविते, ती माहिती ‘प्रदान’ असे समर्पक नाव असलेल्या संकेतस्थळावरून कोणत्याही विद्यार्थ्याला उतरवून घेता येते. पण तिचा धागा जमिनीवरील नोंदींशी जुळवावयाचा म्हणजे सहा-सहा महिने संगणकाच्या पडद्यावर आलेखाचे दात मोजीत बसावे लागते. एखादा उंच दात दिसला की वादळाची सुरुवात सापडली म्हणून छाती धडधडते, आणि चौकशीअंती निघते की त्या दुपारी आवाराबाहेर पाण्याचा टँकर उभा होता. घरची वडीलधारी मंडळी दर दिवाळीला “अजून किती वर्षे रे?” असे विचारतात, आणि तेही अन्यायाचे म्हणता येत नाही, पाच वर्षांनंतरची कायम नोकरी आपल्याकडे अजूनही मोजक्याच जागांवर अवलंबून आहे, आणि फेलोशिप महिनोन् महिने रखडल्याच्या कहाण्या ज्याने ऐकल्या नाहीत असा संशोधक विद्यार्थी मला तरी भेटलेला नाही. तरीही त्याच पाच वर्षांत त्याला प्रोग्रॅमिंग येते, अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ अथवा ‘भारती’ या स्थानकांवर उपकरणे घेऊन जाण्याची पाळी येऊ शकते, आणि सौर-पार्थिव भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या मदतीने काही आठवडे परदेशी प्रयोगशाळेतही बसता येते.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींची चिकित्सा करून ती ग्रंथरूपाने १९१० साली छापविली. त्यांच्या नावाने भूचुंबकत्व संस्था आता पीएच.डी. झालेल्या तरुणांना फेलोशिप देते, आणि ती घेऊन आलेला एखादा तरुण पुनः त्याच साठ वर्षांच्या आकड्यांपाशी, या वेळी संगणक घेऊन, बसलेला आढळतो.