चौपाटीवरचे ओंबळे

चर्नी रोड स्टेशनाचा पूल उतरलं की समोर गिरगाव चौपाटी. लोकमान्यांचा पुतळा, गणपतीचं विसर्जन, संध्याकाळची भेळ हे सगळं मुंबईकराला तोंडपाठ. तुकाराम ओंबळे यांचा अर्धपुतळा मात्र अजूनही अनेकांना विचारत शोधावा लागतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा इथे नाकाबंदी होती. कामा रुग्णालयाजवळ रक्तपात करून निघालेले दोन अतिरेकी पळवलेल्या स्कोडातून आले. अडथळे बघून त्यांनी गाडी वळवली, ती दुभाजकावर आदळली. गाडी चालवणारा इस्माईल पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. शेजारच्या अजमल कसाबच्या हातात एके-४७ होती. सहायक उपनिरीक्षक ओंबळे यांच्याकडे फक्त लाठी. त्यांनी थेट बंदुकीची नळी धरली. गोळ्या शरीरात घुसत राहिल्या, पण पकड सुटली नाही आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जेरबंद केलं. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत हाती लागला तो हा एकच. कट कुठे शिजला, माणसं कुणी पाठवली, हे जगासमोर मांडता आलं ते त्या पकडीमुळे.

भेळवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाले, "आम्ही त्यांना ओंबळेसाहेबच म्हणतो. सव्वीस तारखेला हार येतात, गाड्या येतात. एरवी लोक समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात, इकडे बघत नाहीत." ऐकून वाईट वाटलं, कारण मीही तिथे उभा होतो तेवढ्या वेळात पुतळ्यापाशी कुणी थांबलं नाही.

ओंबळे मूळचे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. लष्कराच्या सिग्नल विभागात नोकरी करून ते १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत आले. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मला सर्वांत भावली ती २०२१ सालची गोष्ट. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी 'इशिअस तुकारामी' हे नाव दिलं. जाळं न विणता भक्ष्यावर थेट झेप घेणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला हा जीव.

ओंबळे यांच्या केडंब्यातल्या स्मारकाला राज्य सरकारची मंजुरी मिळायला २०२५ उजाडलं. ते उभं राहील तेव्हा त्या रात्रीची हकिकत तिथे नुसत्या दोन ओळींत उरकू नये, जावळीच्या शाळकरी पोरांना वाचता येईल अशा साध्या मराठीत सविस्तर लिहावी.