बर्फ म्हणजे भरताड नव्हे

खारघरच्या कॅफेंमध्ये उन्हाळ्यात एक सूचना हमखास ऐकू येते: ‘बर्फ कमी टाका, म्हणजे कॉफी जास्त येईल.’ प्रत्यक्षात तसे होत नाही.

आइस्ड लाटे करताना बरिस्ता (कॉफी बनवणारा कारागीर) साधारण १८ ग्रॅम कॉफीपूड काट्यावर तोलतो आणि तिच्यातून सुमारे ३६ ग्रॅम एस्प्रेसो (दाबाखालील गरम पाण्याने काढलेला दाट अर्क) काढतो. सिरप जिगरने (दोन्ही टोकांना वेगवेगळी मापे असलेल्या पेल्याने) आणि दूध ग्लासावरच्या खुणेपर्यंत घेतले जाते.

बर्फही मापातच लागतो, कारण तो उशिरा मिसळणारे पाणी आहे. ८० अंश सेल्सिअसचे पाणी शून्यापर्यंत थंड होताना जवळपास स्वतःच्या वजनाइतका बर्फ वितळवते.

कोकम सरबताचे उदाहरण घ्या. पाणी कमी घातले म्हणून आगळ (कोकमाचा दाट रस) वाढत नाही, फक्त प्रमाण बिघडते. तसेच बर्फ कमी केल्यावर एस्प्रेसो तेवढाच राहतो. मोकळी जागा दुधाने भरते किंवा ग्लास थोडा रिकामा राहतो. शिवाय थोडा बर्फ लवकर वितळून पेय कोमट होते.

कॉफी कडक हवी असेल, तर बर्फ कमी करण्याऐवजी एस्प्रेसोचा जादा शॉट मागावा.