शाळेची वाट थांबली, लेकरांचं चालणं थांबलं

2021 मध्ये 14 एप्रिलला पहिला रोजा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंतीही त्याच दिवशी होती आणि त्याच रात्री आठपासून राज्यभर नवे निर्बंध लागू झाले. मशिदी बंद, मंदिरं बंद, मैदानं बंद. सलग दुसरा रमजान आपण घरात काढला. या बंदीचा त्रास मोठी माणसं बोलून दाखवत होती. लेकरं बोलत नव्हती. ती मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायची आणि घर शांत आहे म्हणून आपल्याला बरं वाटायचं.

आमच्या युसूफ वडगावच्या घरातही अशीच शांतता होती. सातवीतली माझी मुलगी पूर्वी ओसरीत दोरीवरच्या उड्या मारायची. कॉलेज बंद झाल्यावर मी त्याच ओसरीलगतच्या खोलीत बसून ऑनलाइन तास घेऊ लागलो. दोरीचा आवाज माइकमध्ये जायचा, म्हणून मी तिला दोन-तीनदा दटावलं. तिने दोरी खुंटीला अडकवून ठेवली, ती कायमचीच. परवा इफ्तारचं सामान वर नेताना माळवदाचा जिना चढून ती धापा टाकू लागली. मी घाबरलो. ताप नव्हता, खोकला नव्हता. “काय होतंय?” असं विचारल्यावर ती म्हणाली, “अब्बू, स्कूल बंद हुई तो मेरा चलना बी बंद हुआ.”

तिच्या भावाचं तसं नव्हतं. तो सकाळी शेताकडे चक्कर मारून यायचा, संध्याकाळी मित्राकडे जायचा. कधी रागावून, कधी समजावून का होईना, त्याला बाहेरची हवा मिळत होती. खेड्यातल्या मुलीच्या वाट्याला मात्र हक्काचं चालणं एकच असतं, ते म्हणजे शाळेचं. जाणं-येणं, मधली सुट्टी आणि खेळाचा तास, एवढंच तिचं मैदान. शाळेला कुलूप लागलं तेव्हा अभ्यास बुडाल्याची चर्चा सगळीकडे झाली. तिची चाल बुडाली, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

शाळेच्या वाटेत किती बळ असतं, हे आपल्या बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी धावत जायचा. गावात वाहनाची सोय नव्हती. हाच मुलगा पुढे सैन्यात गेला, तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत टोकियो ऑलिम्पिकसाठी पात्र ठरला, आणि मार्च 2021 मध्ये पतियाळात त्याने 8 मिनिटे 20.20 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. प्रत्येक लेकरू अविनाश होणार नाही. पण रोजच्या त्या वाटेने हाडं, स्नायू आणि छाती घडते, ती सगळ्यांचीच.

जागतिक आरोग्य संघटनेने महामारी चालू असतानाच, नोव्हेंबर 2020 मध्ये, शारीरिक हालचालींबाबत नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं व स्नायू बळकट करणारे खेळ हवेत, असं त्यात म्हटलं आहे. हा तास सलग काढायची गरज नाही. दहा मिनिटं इथं, पंधरा मिनिटं तिथं, असं जोडत गेलं तरी चालतं. हालचालीने फक्त वजन आटोक्यात राहतं असं नाही. झोप नीट लागते, चिडचिड कमी होते, अभ्यासात लक्ष लागतं.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं तेव्हा नुकतीच फडांवरून परतली होती. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि धाकट्याला सांभाळणं, पाणी आणणं, वाढे गोळा करणं लेकरांच्या वाट्याला येतं. या लेकरांना ‘व्यायाम करा’ असं सांगणं म्हणजे थट्टा होईल. त्यांच्या अंगाला कष्ट भरपूर आहेत, खेळ नाही. त्यांना विसावा, पोटभर जेवण आणि मनसोक्त खेळायला मोकळी संध्याकाळ हवी.

मग रमजानमध्ये हा तास बसवायचा कसा? 2021 च्या त्या रमजानमध्ये सहरी पावणेपाचच्या सुमारास संपायची. फज्रच्या नमाजनंतर बरीच मुलं पुन्हा झोपतात किंवा मोबाइल उघडतात. सूर्य वर यायच्या आतली पंधरा-वीस मिनिटं अंगणात किंवा माळवदावर चालण्यात घालवता येतात. दुपारी मात्र नाही. आपल्याकडचं चाळीस अंशांचं ऊन आणि त्यात रोजा, अशा वेळी धावणं-उड्या धोक्याच्या. अस्रनंतर हलकं काम करावं: झाडांना पाणी घालणं, अंगण झाडणं, दस्तरखान मांडणं, आणि ते मुलींइतकंच मुलांनीही. दमाचे खेळ इफ्तारनंतर तास-दीड तासाने, पोटात पाणी गेल्यावर. रोजा ठेवणाऱ्या मुलाला चक्कर आली किंवा डोकं फार दुखू लागलं तर हट्ट करू नये. आजारी माणसाला धर्मानेच सूट दिली आहे.

2021 च्या रमजानमध्येही तरावीह घरीच होती. ती इबादत आहे, कसरत नव्हे. तरी वीस रकातींत वीस रुकू आणि चाळीस सज्दे होतात. आमच्या घरात आता मुलगीही पाठीमागच्या सफमध्ये उभी राहते. एरवी आम्ही बापलेक मशिदीत असायचो आणि ती मोबाइलवर.

खेळांचं म्हणाल तर कबड्डी, खो-खो तेव्हा बाजूला ठेवावे लागले. त्यात अंगाला अंग लागतं. पण घरातल्याच भावंडांत लंगडी, टिकरी, लगोरी खेळता येते. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि एक चिंध्यांचा चेंडू पुरतो. फुगडी-झिम्मा आयांना शिकवायला लावा, त्यांचीही कंबर मोकळी होईल. ज्या मुलाला कोरोना होऊन गेला आहे, त्याला मात्र लगेच पळवू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरुवात करा.

किशोरवयीन मुलांचा प्रश्न वेगळा आहे. 20 एप्रिल 2021 ला दहावीची परीक्षा रद्द झाली आणि वर्षभर ताणून धरलेली मुलं एकदम सैल पडली. रात्र मोबाइलवर, दिवस अंथरुणात. त्यांना ‘ऊठ, व्यायाम कर’ म्हटलं की ती कूस बदलतात. ‘चल, मीपण येतो’ म्हटलं तर बहुतेक वेळा उठतात. हा माझा तेव्हाचा अनुभव आहे.

तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, अशा आशयाची पैगंबरांची (स.) शिकवण आपण मोठ्यांना नेहमी सांगतो. लेकरांच्या शरीराचा हक्क मात्र आपल्या हातात असतो. जागा आपण देतो, वेळ आपण देतो, आणि ‘आवाज करू नको’ असंही आपणच म्हणतो.

मी माझा तास आता अर्धा तास उशिरा सुरू करतो. विद्यार्थ्यांना कारण सांगितलं, तेव्हा दोघी-तिघींनी लिहून कळवलं, “सर, आम्हीपण उड्या मारतो तोपर्यंत.” खुंटीवरची दोरी खाली आली आहे. पहिल्या दिवशी मुलीच्या सलग अकरा उड्या झाल्या, काल चाळीस. ईदला काय हवं, असं विचारलं तर तिने नवी दोरी मागितली आहे, लाकडी मुठीची. दुकानं उघडली तर घेऊ. नाही उघडली तर तोवर जुनीच चालेल.