नाव जुळलं, फंक्शन नाही

फोर्ट्रान भाषेच्या जीफोर्ट्रान या कंपायलरची दहावी आवृत्ती २०२० मध्ये आली आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले कित्येक वैज्ञानिक प्रोग्राम कंपाइल होईनासे झाले. पाठवलेली आणि अपेक्षित आर्ग्युमेंटं न जुळण्याचा नियमभंग जुनाच, कंपायलरनं तो खपवून घेणं थांबवलं, एवढंच.

क्वाडपॅक या फोर्ट्रान लायब्ररीतलं इंटिग्रेशनचं एखादं रूटीन घ्या. ज्याचं इंटिग्रेशन हवं, ते फंक्शनच त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. पण फोर्ट्रान ७७ मध्ये रूटीनची आणि तुमच्या फंक्शनची फाइल स्वतंत्र कंपाइल होतात आणि लिंकर नुसती नावं जुळवतो. मार्केट यार्डातला हमाल पोत्यावरची खूण पाहून पोतं उचलतो. आत गहू की सिमेंट, हे त्यानं का पाहावं? रूटीन ८ बाइट्सची संख्या पाठवतंय आणि तुमचं फंक्शन ४ बाइट्सच वाचतंय, तरी प्रोग्राम चालू शकतो. उत्तरही येतं, चुकीचं पण नीटनेटकं. (कोसळला असता तर निदान कळलं तरी असतं!)

हे दुखणं बेल लॅब्जमधल्या बार्बरा रायडर यांनी फार आधी हेरलं होतं. त्यांचा ‘पीफोर्ट व्हेरिफायर’ १९७४ चा. तो सगळा प्रोग्राम एकत्र घेऊन कोण कोणाला काय पाठवतंय ते तपासायचा. खरी मेख पुढेच आहे. एका सबरूटीननं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला फंक्शन सोपवलं, तर तिसऱ्यात ‘एफ’ या नावानं आलेलं फंक्शन म्हणजे नक्की कोण? जर्मनीचे संगणकशास्त्रज्ञ हान्स लांगमाक यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की अल्गोल ६० या भाषेत अशी देवाणघेवाण बरोबर आहे का, हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. रायडर यांनी १९७९ च्या निबंधात वाट काढली ती फोर्ट्रानच्या एका उणिवेतून. त्या काळच्या फोर्ट्रानमध्ये रिकर्शनला, म्हणजे रूटीननं फिरून स्वतःलाच बोलावण्याला, बंदी होती. त्यामुळे मुख्य प्रोग्रामपासून खाली उतरत, प्रत्येक रूटीनला बोलावणारे सगळे आधी हाताळून, ‘एफ’च्या जागी येऊ शकणाऱ्यांची यादी करता येते. फोर्ट्रानचा इतिहास म्हटलं की तिचे जनक जॉन बॅकस आठवतात. रायडर यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुढे फोर्ट्रान ९० मध्ये इंटरफेस ब्लॉक आले. फंक्शनची आर्ग्युमेंटं किती आणि कोणत्या प्रकारची, हे आधीच लिहून देण्याची सोय झाली, पण जुन्या पद्धतीनं लिहिण्याची मुभा राहिलीच. आणि २०२० च्या त्या कडक तपासणीचं फार कौतुक नको. ती एकाच फाइलच्या आत चालते. रायडर यांचा व्हेरिफायर सगळा प्रोग्राम पाहत होता. शिवाय त्या चुकांना नुसत्या सूचनांवर उतरवणारा पर्याय कंपायलरसोबतच दिलेला होता, आणि अनेक जुन्या पॅकेजांनी तो मुकाट्यानं लावून टाकला.