घोणस आणि ‘नॉर्मल’ टीएसएच

भंडारा जिल्ह्यातल्या वरठीत भंडारा रोड स्टेशन आहे, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि जिल्हाभर धानाच्या बांध्या. बांधीत घोणस असते. तिच्या दंशातून वाचलेला माणूस काही वर्षांनी थकवा, विरळ झालेली दाढी आणि मंदावलेली कामेच्छा घेऊन डॉक्टरांकडे येऊ शकतो. जुना दंश मात्र कुणी सांगत नाही, विचारतही नाही. 1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रह्मदेशातले असे रुग्ण नोंदले गेले, भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. विषामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते.

मग थायरॉइडचा रिपोर्ट चकवतो. टी-फोर कमी, तरी टीएसएच नॉर्मल! थायरॉइडच बिघडला असता तर टीएसएच चढला असता. इथे तो सोडणारी पिट्युटरीच दुबळी. जोडीला टेस्टोस्टेरॉन कमी आणि ते तयार करवणारं एलएचही वाढलेलं नसेल, तर संशय बळावतो. नुसत्या टीएसएचचं स्वस्त पॅकेज अशा वेळी कुचकामी.

दर वेळी घोणसच नसते. पिट्युटरीतली गाठ किंवा डोक्याला लागलेला मारही कारण असतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी, दोनदा तपासतात. रात्रपाळीहून थेट आलेल्याचा आकडा फसवा निघू शकतो. आणि थायरॉइडच्या गोळीआधी कॉर्टिसॉल हे हार्मोन पाहावंच लागतं. ते कमी असताना थायरॉक्सिन सुरू केलं, तर रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो.