मागीलदारचा ओटा

मैत्रिणींनो, पुढच्या ओसरीसाठी फरशीचे नमुने चार दुकानांत फिरून पाहिले जातात आणि मागीलदारी आपण उभ्या असतो चिखलात! "मागचं नंतर बघू" हे तुम्हीही ऐकलं असेल. ते 'नंतर' कित्येक घरांत सुनेची सासू झाली तरी उजाडत नाही. वास्तविक मासळी साफ करणं, नारळ सोलणं, आमसुलं वाळवणं, धुणं, भांडी, सगळं घडतं तिथेच. तेव्हा यंदा गवंडी यायच्या आधी हिशेब तुम्हीच मांडा.

चित्रांतले लाकडी फळ्यांचे ओटे पाहून भुलू नका. राजपुरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या दिघीसारख्या गावात खारा वारा, चार महिने पाऊस आणि वाळवी, तिघं मिळून लाकूड खातात. लोखंडी खिळे तर आधीच गंजतात. आपला जांभा बरा. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक.

जागा कागदावर आखू नका, खडूने जमिनीवर आखा. दोघीजणी समोरासमोर सुपं घेऊन बसल्या आणि मधून तिसरी भरली कळशी घेऊन सहज गेली पाहिजे. एवढ्याला सात फूट रुंदी लागतेच. उंची दीड फूट ठेवली तर काठावर पाय सोडून बसता येतं. उतरायला मध्ये दोन पायऱ्या, प्रत्येक चढ सहा इंचांचा. सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारून घ्या म्हणजे झालं! ओटा स्वयंपाकघराच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खालीच हवा, नाहीतर पावसाची झड थेट चुलीपर्यंत येते. शिवाय दर चार फुटांना एक इंच उतार बाहेरच्या बाजूला द्यायला सांगा. गवंडी "दिसायला सपाट बरं" म्हणेल, ऐकू नका. ओटा तो धुणार नाही, तुम्ही धुणार आहात.

वर चकचकीत टाइल मुळीच नको. आषाढात शेवाळ धरलं की पाय सटकायला क्षण पुरतो, आणि मोडलेलं हाड घेऊन कुणी पोळ्या लाटत नाही. खरबरीत शहाबादी फरशी घाला, काथ्याच्या ब्रशने घासत राहा. "समुद्राची वाळू फुकट आहे" असं घरात कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. त्यातल्या मिठाने सळ्या गंजतात, गिलाव्यावर पांढरा खार फुटतो, आणि किनाऱ्यावरची वाळू उचलायला कायद्याने बंदीही आहे. घर खाडीला लागून असेल तर बांधण्याआधी ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारून घ्या.

छप्पर? ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. ताशी शंभर किलोमीटरहून जोराच्या वाऱ्याने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या, घरांचे पत्रे उडवले. म्हणून ओट्यावरचं छप्पर घराच्या वाशांना जोडू नका, वेगळ्या खांबांवर उभारा. गेलंच तर एकटं जाईल, घराचं कौल ओढून नेणार नाही.

काम दिवाळीनंतर काढावं, शिमग्याच्या आत संपवावं. सिमेंटचं काम झालं की निदान आठवडाभर ओलं गोणपाट टाकून दिवसातून तीनदा पाणी मारायचं. ही पाळी मात्र घरातल्या पुरुषमंडळींकडे द्या. आणि हो, वाळवणाची दोरी बांधायला दोन कड्या भिंतीत आत्ताच बसवून घ्या. मागाहून भोकं पाडायला कुणी येत नाही.